सुतळीच्या गाठींचे टांगते शिल्प: साहित्य, हिशेब, बांधणी आणि टांगणी

घरात पोत्याचे तोंड बांधायला लागते तीच सुतळी, लोखंडाच्या तीन कड्या आणि दोन हात, एवढ्यावर छतापासून लोंबणारे, माणसाच्या धडाएवढे शिल्प उभे राहते. गोंद नाही, साचा नाही, यंत्र नाही. आकार गाठीच धरतात आणि वजनही गाठीच पेलतात. म्हणून या कामात गाठ ही सजावट मानू नका, ती बांधकाम आहे. एक गाठ सैल राहिली तर तिचा भार शेजारच्या चार गाठींवर जातो आणि जाळीला तिथे पोट सुटते.

या वाटेने सर्वात दूरवर गेलेले नाव मृणालिनी मुखर्जी यांचे. 1949 साली मुंबईत जन्म, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिक्षण. रंगवलेल्या दोरखंडाला गाठी मारत त्यांनी माणसाहून उंच शिल्पे घडवली. 1984 ची ‘यक्षी’ त्यांपैकीच. आधी रेखाटन करून मग ते उतरवायचे, अशी त्यांची पद्धत नव्हती. गाठी वाढत जातील तसा आकार ठरत जाई. ही मोकळीक हाताला सवय झाल्यावर मिळते. पहिल्या कामाला मात्र मापे ठरवूनच बसा.

इथे दिलेले माप असे: वरची कडी 40 सेंमी व्यासाची, मधली 55, खालची 25. कड्यांमधली जाळी 1 मीटर उंच, त्याखाली साधारण 60 सेंमीची मोकळी झालर. वरचा भाग विरळ, खाली उतरताना घट्ट होत जाणारा.

सुतळी कशी निवडायची

तागाची तीनपदरी, 3 मिमी जाडीची सुतळी घ्या. दोनपदरी सुतळीचा पीळ गाठ ओढताना उकलतो आणि दोरा चपटा पडतो. दुकानात हातभर दोरा घेऊन दोन्ही टोके एकमेकांकडे आणा. मधला भाग स्वतःभोवती गरकन वळला तर पीळ जास्त आहे, तशी सुतळी काम करताना सतत गुंतेल. जागोजागी जाड-बारीक होत असेल तर ती पोती बांधायलाच बरी.

घायपाताचा दोर जास्त ताठ आणि मजबूत असतो. महाराष्ट्रात मातंग समाजातल्या कारागिरांनी तो पिढ्यानपिढ्या वळला आहे. पण त्याचे तंतू बोटांत रुततात आणि बारीक गाठीत तो नीट बसत नाही. मोठ्या, ढोबळ गाठींच्या कामाला मात्र तोच घ्यावा. नायलॉनची दोरी घेऊ नका. ती गुळगुळीत असल्याने गाठ हळूहळू सरकते, आणि तागाला प्रकाशात जो खडबडीतपणा दिसतो तो तिच्यात येत नाही.

किती आणायची? सुतळी किलोवर मिळते आणि आपल्याला मीटर हवे असतात. 10 मीटर मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. 3 मिमी सुतळीचे साधारण 60 ग्रॅम भरतात, म्हणजे मीटरला 6 ग्रॅम. आपल्याला 7 मीटरचे 96 दोरे लागतील, एकूण 672 मीटर, म्हणजे 4 किलो. नमुना, तुटफूट आणि खराब भाग धरून 5 किलो आणा, आणि सगळी एकाच वेळी, एकाच गठ्ठ्यातली. दुसऱ्या खेपेच्या सुतळीची छटा वेगळी निघते आणि शिल्पावर तो पट्टा लांबूनही दिसतो.

7 मीटर कसे आले तेही पाहा, कारण तुमचे माप वेगळे असेल तर हाच हिशेब पुन्हा करायचा आहे. प्रत्येक दोरा कडीवर मधोमध दुमडला जातो, म्हणजे त्याचे साडेतीन मीटरचे दोन पदर होतात. विरळ जाळीत पदराची लांबी उंचीच्या पावणेदोन ते दोनपट लागते, घट्ट जाळीत तिप्पट. वरच्या 60 सेंमीला साधारण 110 सेंमी, खालच्या 40 सेंमीला 120, मधल्या आणि खालच्या कडीवरच्या वळशांना मिळून 16, झालरीला 60. एकूण 306. उरलेले 40-45 सेंमी हाताच्या ओढीसाठी आणि चुकीसाठी. ही पटीची गणिते प्रत्येकाच्या हाताच्या ताणाप्रमाणे बदलतात. त्यामुळे आधी काठीवर 4 दोरे (8 पदर) अडकवून 10 सेंमी विरळ आणि 10 सेंमी घट्ट असा नमुना विणा, किती दोरा खर्च झाला ते मोजा, आणि मगच 96 दोरे कापा.

धुणे, रंग, आगीपासून बचाव

नव्या सुतळीला रॉकेलसारखा वास येतो. गिरणीत तंतू मऊ करण्यासाठी तेलाचा पाण्यात केलेला मिश्रद्रव वापरतात, त्याचा तो वास. नुसते उन्हात टाकून तो पूर्ण जात नाही आणि तेल राहिले तर रंग डागाळ बसतो. सुतळीच्या सैल लड्या करा, प्रत्येक लड चार ठिकाणी ढिली बांधा, कोमट पाण्यात लिटरला 5 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा, दोन पाण्यांतून काढा आणि सावलीत वाळवा. हे सगळे कापण्याआधी करायचे. पाण्याने तंतू फुगतात आणि पीळदार दोरा थोडा आखूड होतो. कापून मग धुतलात तर मोजलेली लांबी हाती राहत नाही.

रंग द्यायचा असेल तर डायरेक्ट रंग (मिठाच्या गरम पाण्यात तंतूवर थेट बसणारे) सोपे पडतात: 1 किलो सुतळीला 20 ग्रॅम रंग, 150 ग्रॅम मीठ, 20 लिटर पाणी, उकळीच्या जवळ पाऊण तास. मीठ दोन हप्त्यांत घाला, एकदम घातले तर रंग वरवर बसतो. आमचे मत विचाराल तर पहिले काम बिनरंगाचे करा. तागाचा स्वतःचा सोनेरी-तपकिरी रंग गाठीच्या उंचसखलपणात फार सुंदर सावल्या धरतो. एवढे मात्र ध्यानात असू द्या की तागात लिग्निन (लाकडातही असणारा, तंतूला ताठपणा देणारा घटक) भरपूर असते, त्यामुळे उन्हात तो पिवळसर-तपकिरी होत जातो. खिडकीसमोर लावलेल्या कामाची एक बाजू काही महिन्यांत वेगळी दिसू लागते.

ताग पटकन पेट घेतो. सार्वजनिक सभागृहात, शाळेत किंवा गर्दीच्या जागी लावायचे असेल तर पुढचा टप्पा टाळू नका. 1 लिटर गरम पाण्यात 70 ग्रॅम बोरॅक्स (टाकणखार) आणि 30 ग्रॅम बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवा. 5 किलो सुतळी बुडायला साधारण 25 लिटर द्रावण लागते. लड्या अर्धा तास बुडवून ठेवा, न पिळता निथळू द्या, वाळवा. हातमोजे घाला आणि मुलांना व जनावरांना दूर ठेवा. मग 20 सेंमीचा तुकडा मोकळ्या जागेत चिमट्यात उभा धरून खालच्या टोकाला 12 सेकंद काडी लावा. काडी काढताच ज्योत विझली पाहिजे आणि निखारा पुढे सरकता कामा नये. सरकला तर पुन्हा बुडवा. हे क्षार पाण्याने निघून जातात, त्यामुळे एकदा भिजलेले काम सुरक्षित धरू नये. आयोजकांना अग्निरोधकतेचे प्रमाणपत्र हवे असेल तर घरचा हा उपाय चालत नाही. ते आधी विचारून घ्या.

कड्या

8 मिमीची गोल लोखंडी सळई पुरते. लांबी म्हणजे परीघ: 40 सेंमीच्या कडीला 126 सेंमी, 55 च्या कडीला 173, 25 च्या कडीला 79. सळईचे वजन काढायला फॅब्रिकेटर वापरतो तेच सूत्र वापरा: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, उत्तर येते मीटरला किलो. 64 भागिले 162 म्हणजे 0.395. तिन्ही कड्या मिळून दीड किलो.

वेल्डिंगचा सांधा ग्राइंडरने पूर्ण गुळगुळीत करून घ्या आणि सुती फडके त्यावरून फिरवून पाहा. फडके अडकले तर तिथे धार आहे, आणि तीच धार शिल्प हलेल तशी सुतळी कापत राहील. वरच्या कडीला सारख्या अंतरावर तीन छोटे डोळे वेल्ड करून घ्या, टांगणीसाठी. त्यानंतर रेड ऑक्साइडचा (गंज रोखणारा तांबडा अस्तर-रंग) एक हात, एनॅमलचे दोन हात, आणि पूर्ण चार दिवस सुकवणे. कच्च्या लोखंडावर तागाची ओल बसली की गंजाचा तांबडा डाग सुतळीत उतरतो आणि तो निघत नाही. बोरॅक्सचे द्रावण लावलेली सुतळी पूर्ण वाळल्याशिवाय कडीला लावायची नाही, ती याचसाठी.

गाठ

वरची कडी आढ्याला कप्पी लावून छातीच्या उंचीवर टांगा. काम खाली वाढेल तशी दोरी ओढून कडी वर घेता आली पाहिजे. मान आणि खांदे वाचवणारी ही एकच सोय आहे.

दोरा मधोमध दुमडा, दुमड कडीच्या मागून खाली आणा, तिच्या डोळ्यातून दोन्ही पदर ओढून घट्ट करा. असे 96 दोरे कडीवर सारखे पसरवा. प्रत्येक पदराची टोकाकडून लहानशी गुंडी करा आणि रबर लावा, नाहीतर साडेतीन मीटरचे 192 पदर तासाभरात एकमेकांत अडकतात.

आता चौकोनी गाठ. शेजारचे चार पदर घ्या, डावीकडून 1, 2, 3, 4.

1. 2 आणि 3 खाली ताणून धरा. पदर 1 त्या दोघांवरून उजवीकडे न्या आणि 4 च्या खाली सोडा.
2. 4 हा 2-3 च्या मागून डावीकडे न्या आणि डावीकडे तयार झालेल्या फटीतून वर काढा. दोन्ही बाजू सारख्या ओढा. ही अर्धी गाठ.
3. आता उलट: उजवीकडे असलेला पदर 2-3 वरून डावीकडे न्या आणि डाव्या पदराच्या खाली सोडा. डावा पदर मागून उजवीकडे नेऊन उजव्या फटीतून काढा. ओढा.

तिसरी पायरी उलट न करता पहिल्यासारखीच केली तर अर्ध्या गाठी एकाच दिशेला चढतात आणि पट्टी स्वतःभोवती गिरकी घेऊ लागते. नवख्याची ही सर्वात जास्त होणारी चूक आहे. ओळखायची खूण सोपी: पूर्ण गाठीत उभा फुगवटा एकाच बाजूला दिसतो. एका ओळीतल्या 48 पैकी एखाद्या गाठीचा फुगवटा दुसऱ्या बाजूला असेल तर ती उलट सुरू झालेली आहे.

पहिल्या ओळीत 48 गाठी होतात. दुसऱ्या ओळीत दोन पदर सोडून सुरुवात करा: एका गाठीचे उजवे दोन आणि शेजारच्या गाठीचे डावे दोन. तिसऱ्या ओळीत पुन्हा मूळ जोड्या. या अदलाबदलीत आणखी एक गोष्ट आपोआप घडते. पहिल्या ओळीत जो पदर मध्ये स्थिर होता तो दुसऱ्या ओळीत बाहेरचा, गुंडाळला जाणारा होतो, आणि बाहेरचा मध्ये येतो. त्यामुळे सगळे पदर सारखे संपतात. सरळ उभी पट्टी विणत गेलात तर बाहेरचे दोन पदर मधल्यांच्या तिप्पट-चौपट वेगाने संपतील आणि निम्म्यावर जोड द्यावा लागेल.

ओळींमधले अंतर डोळ्याने ठेवू नका. अडीच सेंमी रुंदीची लाकडी पट्टी आधीच्या ओळीखाली धरा आणि गाठ तिच्या कडेला टेकवून घट्ट करा. वरच्या 60 सेंमीत अशा सुमारे 16 ओळी बसतात. त्याखाली पट्टी 1 सेंमीची करा, दोन-तीन ओळींनी ती पूर्ण काढून टाका आणि गाठीला गाठ भिडवा. खालच्या भागात साधारण 30 ओळी येतात. सगळ्या मिळून 2,200 च्या आसपास गाठी. मिनिटाला एक धरली तर 35 ते 40 तासांचे काम आहे. रोज तीन तासांपेक्षा जास्त बसू नका. अंगठ्याला आणि तर्जनीला कागदी चिकटपट्टी गुंडाळा आणि तागाच्या धुळीसाठी नाकाला मास्क लावा.

मधली कडी पहिल्या 45 सेंमीनंतर आतून बसते. ती आधी वरच्या कडीला तीन सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी टांगून ठेवा, म्हणजे वाकडी राहणार नाही. प्रत्येक पदराचे तिच्यावर दोन घट्ट वळसे घ्या आणि पुढे विणा. 173 सेंमीच्या परिघावर 48 गाठी पसरल्या की एकेकीला 3.6 सेंमी जागा मिळते, जाळी ताणली जाते आणि तिची उंची थोडी कमी होते. एखादी ओळ जास्त लागली तर घ्या. खालच्या कडीवर तेवढ्याच गाठींना एकेकी 1.65 सेंमी जागा उरते, म्हणून तिथे विण दाट होते. पदर कापून कमी करावे लागत नाहीत. आडव्या अंगाने विरळ ते दाट हा बदल कड्यांच्या मापातून येतो.

दोन हातांचा प्रश्न

दोघे-तिघे मिळून काम करत असतील तर प्रत्येकाचा ताण वेगळा असतो. एकाच माणसाने एकच बाजू विणली तर शिल्प एका अंगाला झुकते: घट्ट हाताची बाजू आखूड, सैल हाताची लांब. प्रत्येक ओळीनंतर कडी पाव फेरा फिरवा, म्हणजे सगळ्यांचे हात सगळीकडे पसरतील. दर पाच ओळींनी वरच्या कडीपासून चार ठिकाणी फुटपट्टीने उंची मोजा. फरक 1 सेंमीच्या वर गेला तर पुढची ओळ त्या बाजूला सैल किंवा घट्ट करून भरून काढा. दहा ओळींनंतर तो फरक भरून निघत नाही, उसवावे लागते.

याचा अर्थ सगळ्या गाठी यंत्रासारख्या एकसारख्या करा असा नाही. ओळींची उंची सांभाळा. गाठीगाठीतला बारीक फरक राहू द्या. जवळ जाऊन पाहणाऱ्याला हे हाताने केलेले आहे ते तिथेच कळते. घानाचे शिल्पकार एल अनात्सुई यांचे बाटल्यांच्या झाकणांचे प्रचंड पडदे तांब्याच्या तारेने एकेक झाकण जोडून होतात आणि त्यांत अनेक सहायकांचे हात लागलेले असतात. त्या पडद्यांच्या लाटा आणि चुण्या या जोडण्यांमुळेच पडतात.

जोड द्यावाच लागला तर तो मधल्या, स्थिर पदराला द्या आणि गाठीच्या आत लपवा: नवा पदर जुन्याबरोबर 6 सेंमी समांतर ठेवून दोघांवर तीन गाठी घ्या. ग्लू गनचा थेंब लावून चिकटवलेला जोड गरम दिव्याखाली सुटतो, आणि तो चकाकतो.

टांगणी

सुतळी, कड्या, क्षार मिळून सहा किलोच्या आत-बाहेर वजन भरते. ताग हवेतली ओल पितो; पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत वजन आणखी अर्धा-पाऊण किलो वाढते. 7 किलो धरा आणि टांगणीचा प्रत्येक भाग त्याच्या किमान पाचपट, 35 किलो पेलणारा घ्या.

काँक्रीटच्या स्लॅबला 8 मिमीचा, डोळ्याचा अँकर फास्टनर (भोकात फुलून पकडणारा बोल्ट) लावा. भोक पाकिटावर लिहिलेल्या मापाचेच, आणि भोकातली धूळ फुंकून पूर्ण काढलेली हवी. धूळ राहिली की फास्टनर फुलतो पण पकडत नाही. पीओपीच्या खोट्या छताला काहीही टांगू नका, ते कापून वरच्या स्लॅबपर्यंत जा. विजेच्या पाइपची वाट आधी विचारून घ्या. जुन्या वाड्यात सागवानी तुळई असेल तर भोक न पाडता तिच्याभोवती कापडी पट्टा गुंडाळून त्याला लटकवा. लावल्यावर फास्टनरला 35 किलोची वाळूची पोती एक रात्र टांगून ठेवा, खाली कोणी जाणार नाही अशी सोय करून.

वरच्या कडीच्या तीन डोळ्यांतून 50 सेंमीच्या तीन स्टील वायररोप एका कडीत आणा. ती कडी 3 मिमीच्या मुख्य वायररोपने फास्टनरला जोडा. प्रत्येक टोकाला वायररोपचे दोन क्लॅम्प हवेत, आणि क्लॅम्पचे बसके (खोबणीचा जाड भाग) भार घेणाऱ्या लांब दोरावर, यू-बोल्ट कापलेल्या आखूड टोकावर. हे उलट लावलेले सर्रास दिसते. तसे लावले की यू-बोल्ट भाराच्या दोरालाच चिरडतो. दुसऱ्या, वेगळ्या फास्टनरवरून सुरक्षेची एक वायररोप आणा, तिला फक्त 2-3 सेंमी ढील. ढील जास्त ठेवली तर मुख्य वायर तुटताच बसणारा हिसका तिलाही तोडू शकतो.

एका बिंदूवर टांगलेले शिल्प पंख्याच्या वाऱ्याने आणि हवेतल्या ओलीने हळूहळू फिरते. ते नको असेल तर मधल्या कडीपासून भिंतीकडे बारीक नायलॉनचे दोन ताण द्या. ओळंबा सोडून मध्य तपासा. तीनपैकी एका वायरला टर्नबकल (फिरवून वायर ताणायचा किंवा सैल करायचा स्क्रू) लावलेले असेल तर कलती कडी सरळ करायला पाच मिनिटे पुरतात.

झालर आता कापायची नाही. गाठी स्वतःच्या वजनाने बसतात आणि पहिल्या दोन दिवसांत जाळी काही सेंमी उतरते. दोन दिवसांनी, जमिनीपासून माप घेऊन, धारदार कात्रीने कापा. लोक खालून जाणार असतील तर टोक 2.1 मीटरच्या वर हवे.

प्रकाश एकाच बाजूने, 45 अंशांतून, एलईडीचा. दोन्ही बाजूंनी उजेड पडला की गाठी सपाट दिसतात. हॅलोजन वापरू नका, आणि कोणताही दिवा 1 मीटरपेक्षा जवळ नको. भिंत 1 मीटरच्या आत असेल तर जाळीची सावली तिच्यावर ठळक पडते, तेव्हा त्या भिंतीवर दुसरे काही लावू नका.

लोक हात लावणारच, ते धरून चाला. 2010 साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात चिनी कलाकार आय वेवे यांनी हाताने रंगवलेल्या पोर्सिलिनच्या 10 कोटी सूर्यफूल-बिया जमिनीवर पसरल्या होत्या. त्यावरून चालायला लोकांना मुभा होती, पण उडणाऱ्या धुळीमुळे काही दिवसांतच ती बंद करावी लागली. आपल्याकडे धूळ कमी, पण बोरॅक्स लावलेली सुतळी असते. ज्यांना स्पर्श करून पाहायचा आहे त्यांच्यासाठी बिनद्रावणाचा, वीतभर नमुना शेजारी टांगा. सुरुवातीला विणलेला तो नमुना इथे कामी येतो.

उतरवताना आधी झालर कापडात बांधा, मग शिल्प आकाशकंदिलासारखे वरून खाली दाबत घडी करा. कड्या एकमेकांवर बसतात आणि सगळे 60 बाय 60 बाय 30 सेंमीच्या खोक्यात मावते. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत ओल धरते आणि काळी बुरशी येते. जुन्या सुती साडीत गुंडाळा, खोके जमिनीपासून वर ठेवा, सोबत कडुनिंबाचा वाळला पाला टाका आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून दिवसभर वारा द्या. पुन्हा टांगण्याआधी वरच्या कडीवरच्या 96 दुमडी एकेक करून पाहायच्या. झीज तिथेच सर्वात आधी सुरू होते.